कडी बाहेरून

तारीख अकरा फेब्रुवारी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला.

सकाळी ताईने शिवणाचं मशीन धाकट्याच्या खोलीच्या दाराशी ओढलं. गिऱ्हाइकाचं काम उरकायचं होतं आणि भावावर पहाराही ठेवायचा होता. दाराला बाहेरून नवी कडी होती. ती धाकट्यानेच परवा बसवून घेतली होती.

धाकटा औषधांच्या दुकानात कामाला. झोपेच्या गोळ्यांची सवय तिथेच लागली. एकीच्या चार झाल्या, चारांच्या मूठभर. "विकणारा मी, गिऱ्हाईकही मीच," असं हसून म्हणायचा. डॉक्टरांचं नाव काढलं की मात्र चिडायचा.

"रोज दुकानात समोर उभे असतात ते. कुठल्या तोंडाने जाऊ? गोळ्या सुटेपर्यंत तू मला कोंडून ठेव. हातापाया पडलो तरी उघडायचं नाही. शपथ घे."

तिने घेतली.

काल रात्रभर तो दारापाशी रडला होता. आज सकाळी पलंग भिंतीवर आपटू लागला. धाड, धाड, धाड, एकाच तालात. मग थांबला. दाराच्या फटीतून घामाचा आंबूस वास आला. ताईचा हात कडीवर गेला.

"ताई... नको उघडूस."

आवाज दाराला अगदी चिकटून, खालून आला.

"बरा आहेस ना रे?"

"आता बरं वाटतंय... एकदम हलकं."

तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारी तिने विचारलं, "दोन घास खातोस?"

"भूक नाही... तू शिव. मी ऐकत बसतो."

ती शिवत राहिली. उन्हं कलली तेव्हा तिच्या लक्षात आलं, रडून रडून त्याचा घसा पार बसला होता. हा आवाज मात्र स्वच्छ होता.

तिने डॉक्टरांना बोलावून आणलं आणि कडी काढली.

धाकटा पलंगावर होता, लाकडासारखा ताठ.

"हे सकाळीच गेलेत," डॉक्टर म्हणाले. "झटका आला असणार. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात हो, आमच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. मला एक शब्द सांगायचा..."

"पण तो आत्तापर्यंत बोलत होता माझ्याशी."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढून दाखला लिहायला घेतला.

"ताई..." उघड्या दाराच्या मागून, खालून आवाज आला. "कोण आलंय?"

पेन थांबलं. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

मग डॉक्टरांनी मृत्यूची वेळ सकाळची लिहिली.