गाडी आधीच गरम होती

हे मी कुणाला पटवायला सांगत नाहीये. जे कानांनी ऐकलं आणि हाताला लागलं, तेवढंच सांगते. एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

माझं नाव मिसाओ. होक्काइदो बेटाच्या उत्तरेला, नायोरो शहराच्याही पुढे, डोंगराला टेकून आमची वस्ती आहे. वस्ती म्हणायची एवढंच. दोन घरांच्या धुराड्यांतून धूर निघतो. एक आमचं.

आमचं म्हणजे आता माझं.

माझे यजमान इसाकु त्या वर्षी पानगळीत गेले. हॉस्पिटलात, झोपेत. आणि हे घडलं ते लगेच आलेल्या हिवाळ्यात, ऐन थंडीच्या दिवसांत, उजाडायच्या सुमारास.

गाडी जुनी होती. पांढरी, चौकोनी, लग्नानंतर लगेच घेतलेली. घराजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. त्या काळच्या गाड्यांची एक सवय असते. गारठलेली गाडी चालू केली की इंजिन आपोआप रेस होतं. कुणी ॲक्सिलरेटर दाबून धरल्यासारखं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून शेडच्या बाहेर पळाले होते.

"अगं, चिडली नाहीये ती," इसाकु हसत म्हणाले होते. "गारठलेल्या इंजिनाला जास्त हवा लागते, नाहीतर बंद पडतं. आत हवेची एक छोटी वाट आहे. तिच्या दाराशी मेण. थंडीत मेण आकसतं, दार उघडं राहतं, म्हणून हा आरडाओरडा. इंजिनाचं पाणी तापलं की मेण फुगतं, दार लागतं आणि बाईसाहेब गप्प."

"म्हणजे चहा मिळेपर्यंत तुम्ही करता, तसंच," मी म्हटलं होतं.

पुढे रोजचंच झालं. मी डबे भरायचे, ते शेडमध्ये जाऊन गाडी चालू करायचे. स्वयंपाकघरात मला तो मोठा आवाज ऐकू यायचा. मग तो हळूहळू खाली यायचा... आणि एकदम शांत व्हायचा. तो शांत झाला की मी बूट घालायचे. हाक मारायची गरज कधी पडली नाही. मी ज्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथे मला सोडून ते लाकडाच्या गिरणीत जायचे.

ते गेल्यावर सगळं मीच करू लागले. गाडी चालू करायची, आणि ती शांत होईपर्यंत त्या गारठ्यात एकटीनं बसून राहायचं. काचेवर डोळे लावून. बोलायला कुणी नाही.

एका सकाळी थंडी अशी होती की श्वास घेताना नाकातले केस कडक व्हायचे. मी शेडचं दार सरकवलं. गाडीत बसले. चावी फिरवली आणि सवयीनं खांदे आक्रसून घेतले.

आवाज आलाच नाही.

म्हणजे गाडी चालू झाली होती. पण रेस झाली नाही. अगदी मऊ, हलक्या आवाजात चालत होती...

आताच कुठूनतरी फिरून आल्यासारखी.

मी समोर पाहिलं. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध होता. वाटलं, काटा बिघडला असेल. उतरले, हातमोजा काढला, बॉनेटवर तळहात ठेवला.

गरम.

शेडमध्ये धुराचा ताजा वास होता. बाहेर अंगणात रात्री पडलेला बर्फ होता. त्यावर फक्त माझ्या बुटांचे ठसे. घरापासून शेडपर्यंत. दुसरं काही नाही.

दुपारी मी ओनोदेरांच्या गॅरेजमध्ये गेले. इसाकुंचे ते जुने मित्र. आमच्या गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

"सकाळी रेस होत नाही," मी म्हटलं.

"वय झालं तिचं. आपलं तरी कुठे होतं आता?" ते म्हणाले. "ते मेणाचं दार अडकलं असेल."

त्यांनी तो भाग खोलून काढला, बाहेरच्या बर्फात खुपसून ठेवला, आणि आम्ही स्टोव्हपाशी चहा घेत बसलो. मग आणून उजेडासमोर धरला. भोकातून खिडकी दिसत होती. त्यावर किटलीतलं कढत पाणी सोडलं. बघता बघता भोक मिटलं.

ओनोदेरांनी तो भाग पुन्हा उजेडासमोर फिरवून पाहिला.

"हे तर ठणठणीत आहे, वहिनी."

"मग?"

"दार बंदच अडकलं असतं, तर एवढ्या थंडीत गाडी दोनदा खोकून मेली असती. मऊ चालली नसती. ती मऊ चालली, कारण इंजिन खरंच तापलेलं होतं. तुमच्या आधी कुणीतरी चालू केली असणार. दुसरी चावी कुणाकडे असते?"

"हरवली. कितीतरी वर्षं झाली."

"विसरला असाल. तुम्हीच चालू करून घरात गेला असाल."

मी मान हलवली. त्यांनाही तेच हवं होतं, मलाही.

पण पुन्हा झालं. आणि पुन्हा. रोज नाही. ज्या सकाळी थंडी फार असेल, त्याच सकाळी. मी जाऊन बसायचे आणि गाडी आधीच गरम असायची.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही.

मला बरं वाटलं.

मी बसताना "आलेच हं" म्हणू लागले. घरी परतल्यावर दिवसभराचं शेडमध्येच सांगून टाकायचे. आश्रमातल्या कोणत्या आजोबांनी भात परत पाठवला, वगैरे. घरात सांगून उपयोग नव्हता. घरात कुणीच नव्हतं.

माझी धाकटी बहीण चिझु आसाहिकावा शहरात असते. तिचा फोन यायचा.

"ताई, किती दिवस त्या बर्फात रुतून बसणार आहेस? इथे ये. माझी एक खोली रिकामी आहे."

"वसंतात बघू."

"तिथे तुझ्याशी बोलायला आहे तरी कोण?"

मी विषय बदलला.

मग ती सकाळ आली.

मला लवकर जाग आली. बाहेर निळसर उजेड होता. शेगडी पेटवली, पाणी ठेवलं. इतकी शांतता होती की रॉकेल टाकीतून उतरताना ऐकू येत होतं.

आणि शेडमध्ये स्टार्टर फिरला.

गाडी चालू झाली. तोच मोठा आवाज. इसाकु गेल्यापासून तो मी पहिल्यांदाच घरातून ऐकत होते. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. हलले नाही. हलले तर बंद होईल असं वाटलं.

आवाज हळूहळू खाली येऊ लागला...

आणखी खाली...

शांत झाला.

माझे पाय आपोआप दाराकडे गेले. मी बूट घातले, डोक्याला स्कार्फ गुंडाळला. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी अंगणात पाऊल टाकलं.

तेवढ्यात शेडमधून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग लागल्याचा.

कुणीतरी आत बसलं होतं.

मी तर अजून अंगणात होते.

इंजिनाचा आवाज किंचित दबला. गाडी गिअरमध्ये टाकली की दबतो तसा. मी धावले. शेडच्या दाराशी वाऱ्यानं बर्फाचा ढीग लावला होता, गुडघ्यापर्यंत, कुठेही मोडलेला नाही. तो हातांनी उपसून मी दार सरकवलं.

आत काही चालू नव्हतं.

गाडी जागेवर होती. बॉनेट गरम. चालकाच्या बाजूची काच स्वच्छ होती, कोरडी. पण डाव्या बाजूची, मी बसायचे त्या जागेची काच आतून पांढरी झाली होती. त्या थंडीत माणूस बंद गाडीत बसलं की त्याचा श्वास काचेवर गोठतो, नेच्याच्या पानांसारखी नक्षी होते. तशी नक्षी. ताजी. मी बघत असताना ती अजून पसरत होती...

मी हात लावला नाही.

इतके दिवस मला वाटत होतं, ते माझ्यासाठी गाडी गरम करतायत.

त्याच आठवड्यात मी गाडी ओनोदेरांना देऊन टाकली. कारण विचारलं तर म्हटलं, चालवायला जड जाते. बर्फ वितळायच्या आत मी चिझुकडे राहायला आले. इथे फ्लॅटमध्ये गरम पाणी आहे, शेजार आहे. चिझु सकाळी टोमणे मारत न्याहारी देते. मी ठीक आहे.

परवा ओनोदेरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. गाडी गॅरेजच्या मागच्या आवारात उभी आहे, बॅटरी काढून ठेवलीय, म्हणाले. मग जरा रागानं म्हणाले,

"पण वहिनी, हे बरं नाही केलंत. एवढ्या लांब आलात आणि मला न भेटताच गेलात?"

"कधी?"

"काल सकाळी. गाडीत बसला होतात ना, डाव्या बाजूला. डोक्याला स्कार्फ. मी खिडकीतून पाहिलं. इतक्या खुशीत बोलत होतात की म्हटलं, नको मध्ये पडायला. बसू दे घटकाभर. चहा टाकून बाहेर आलो, तर निघून गेला होतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इसाकु गेल्यापासून तुम्हाला तसं हसताना पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "बरं वाटलं बघा. तुम्हीच होतात ना?"

ते म्हणत होते त्या सकाळी मी चिझुबरोबर बाजारात होते.

पलीकडे ओनोदेरा वाट बघत होते...

मी हो म्हटलं.

का म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही.