पुलाखालून आलेली हाक

दुपारचा खेळ संपला तेव्हा थिएटरात तिघंच उरली होती. ती, तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसलेला तो, आणि झाडू घेऊन आलेल्या मावशी.

पडद्यावर नावं सरकत होती. पहिल्या भागात सगळ्या नावांनंतर एक छोटासा प्रसंग होता, म्हणून ती हटून बसली होती. तो भाग तिने पुन्हा पुन्हा पाहिला होता. या दुसऱ्या भागाचा मात्र… पार बोऱ्या वाजवला होता!

"तुम्हीही त्या शेवटच्या तुकड्यासाठीच थांबलात ना?" तिने शेजारी वळून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुरूच झाली. "अख्खं शहर कोसळलं, तरी मी आपली जांभया देतेय! आणि नायकाचा आवाज का हो बदलला? मागच्या वेळी तो नुसतं 'मी आहे ना' म्हणाला की अंगावर काटा यायचा. आता कुणा बड्या नटाकडून डबिंग करून घेतलंय म्हणे. जग वाचवतोय की साबण विकतोय, कळेना!"

तो हसला, मान हलवली. बोलला नाही. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण ती दातांची डॉक्टर होती. दिवसभर आ वासून पडलेल्या पेशंटशी एकटीनेच बोलायचं, मग समोरचा गप्प आहे हे लक्षात तरी कसं यावं? "समोरच्यालाही तोंड उघडू दे कधीतरी," आई कुरकुरायची, "दात न बघता!"

"एकच माणूस आवडला बाई मला," ती म्हणाली. "तो पुलाखाली अडकलेला. एकदाच ओरडतो, 'वाचवा!' पण असा ओरडतो ना… वाटलं, उठावं आणि हात धरून ओढून काढावं त्याला."

त्याचं हसू विरलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. डोळे छान होते त्याचे, आणि आता ते चक्क ओले झाले होते.

"तो… मी आहे," तो म्हणाला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज तिला पाठ होता!

"अय्या! म्हणजे 'मी आहे ना'सुद्धा…?"

"मीच होतो. या वेळी त्यांना मोठं नाव हवं होतं. मला पूल मिळाला." तो पुन्हा हसला, पण कसंनुसं. "उद्यापासून ताईच्या फरशांच्या दुकानात बसणार आहे. आज पडद्यावर स्वतःचं नाव शेवटचं बघायला आलो होतो."

"दिसलं?"

"गेलं वाटतं मघाशीच. मी… तुमच्याकडे बघत होतो."

ती लाजली. आणि लगेच रागावली. हा आवाज आता फरशांचे रंग सांगत बसणार? तिच्या डोळ्यांदेखत? छे!

"दुखतोय म्हणून चांगला दात उपटायचा नसतो," ती ठणकावून म्हणाली. "दुकानात बसायचं नाही. उद्या याच खेळाला यायचं, तुमचं नाव बघायला. मीही येणार."

"इतका टुकार सिनेमा पुन्हा बघणार?"

"सिनेमा कोण बघतंय!"

त्याने हळूच विचारलं, "हे सगळं… आवाजासाठी ना?"

हे मात्र त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्ही चकार शब्द काढत नव्हता, तेव्हापासून बोलतेय मी तुमच्याशी. आवडलात म्हणूनच ना?"

पडदा पांढरा झाला. दिवे लागले. शेवटचा प्रसंग काही आलाच नाही.

"संपलं हो सगळं," मावशी झाडू आपटत म्हणाल्या. "उठा आता!"

दोघं हसत बाहेर आली. ऊन डोळ्यांवर आलं. पायऱ्यांवर थांबून त्याने फोन लावला, आणि दुसरा हात, न विचारताच, तिच्यापुढे केला. तिने तो घट्ट धरला. एरवी तिच्याकडे बोलायला ढीगभर असायचं. आता ती नुसती ऐकत होती.

"ताई, मी दुकानात येत नाहीये… अगं नाही, बरा आहे… काय झालं म्हणजे? वाचलो गं ताई, वाचलो!"