आकारामनानांची सोबत

वडूजच्या बाजूला माणूस गेल्याचा निरोप 'गेला' असा कधी देत नाहीत. 'लय शीरिस हाय, निघून या,' एवढंच सांगायचं. ऐकणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं आणि पिशवीत कपडे भरावेत. उलटा प्रश्न विचारू नये. विचारला की सांगणाऱ्याला खोटं बोलावं लागतं, आणि अशा वेळी कुणाला खोटं बोलायला लावणं बरं नव्हे. घरी पोचेपर्यंत आशेचा धागा हातात राहावा म्हणून कुणा शहाण्यानं ही रीत पाडली असणार.

राजरत्नला ती चांगली ठाऊक होती. तो सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होता, तेव्हा एका दुपारी आकारामनाना होस्टेलच्या दारात येऊन उभे राहिले. नाना त्यांच्याच वस्तीतले. गावाचे सांगावे पोचवायचं काम वस्तीनं छप्पन साली, धर्म बदलला तेव्हाच सोडलं होतं. पण आपल्या माणसांचे निरोप नाना आपण होऊन नेत, आणि निरोप देऊन परत फिरत नसत. माणसाला घरापर्यंत सोबत करत. "तुझा बा लय शीरिस हाय," म्हणाले, आणि वाटेत पुन्हा त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. विट्याच्या स्टँडवर मात्र उतरले, कांदाभज्यांची पुडी आणली आणि त्याच्या हातात कोंबली. "खाऊन घे रं. पुढं कवा मिळंल, ठावं न्हाई."

माती होईपर्यंत घरात चूल पेटत नाही, म्हणून सोबत आलेला माणूस वाटेतच खायला घालतो. हे राजरत्नला तेव्हा कळलं नव्हतं. त्यानं सगळी भजी खाल्ली, बोटंसुद्धा चाटली. वस्तीच्या वळणावर गर्दी दिसली तेव्हा त्याला बापाच्या आधी त्या भज्यांचा राग आला. त्यानंतर त्यानं कधी कांदाभजी तोंडात घातली नाहीत. बायको माया यावरून त्याची टिंगल करायची, तर हा म्हणायचा, पित्त होतं.

आता अठ्ठ्याण्णव साल उजाडलं होतं. राजरत्न अमेरिकेत न्यूजर्सीला नोकरीला होता, कंपनीचे संगणक दोन हजार सालासाठी तयार करत होता, आणि भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. जानेवारीतल्या एका दुपारी ऑफिसात फोन आला. लाईनीत खरखर होती. "राजरत्न, निघून ये. लय शीरिस हाय."

"कुणाल?" त्यानं विचारलं. कुणाल त्याचा धाकटा भाऊ, आईजवळ वडूजला राहणारा. पलीकडं नुसती खरखर. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण नाव घ्यायची गरज काय? आई, जाईबाई, दिवाळीपासून दम्यानं बेजार होती, मधे साताऱ्याच्या दवाखान्यात पंधरवडा काढून आली होती. राजरत्ननं रीत पाळली. पुढं काही विचारलं नाही, घरी फोन लावून खात्रीही केली नाही.

साधी तिकिटं संपली होती. पुढच्या महागड्या वर्गात तेवढी जागा होती. माया म्हणाली, "बाहेर बर्फ पडतोय. आजच्या दिवस थांबा." तो थांबला नाही. आपली गाडी काढून एकटाच विमानतळाकडं निघाला.

लंडनला विमान थांबून पुन्हा उडालं तेव्हा त्याला नीट जाग आली. खिडकीबाहेर लख्ख सकाळ होती. खुर्ची केवढी, तर दोन माणसं बसतील एवढी. पाय लांब केले की पुढच्या खुर्चीला लागत नव्हते. मऊ शाल, गरम ओला रुमाल, काचेच्या ग्लासात संत्र्याचा रस. आई गेली असेल आणि आपण असे पसरून चाललोय, या विचारानं त्याला स्वतःची शिसारी आली. तिच्या नशिबात आयुष्यभर एसटीचा बाक. निदान मातीला तरी पोचावं, तोंड दिसावं, एवढंच तो मनात घोकत होता.

पाय गार पडले म्हणून त्यानं बूट शोधले. खुर्चीखाली एकच बूट सापडला. झोपेत दुसरा पुढं सरकला असेल, असं त्याला वाटलं. मग काल आपण गाडी कुठं लावली, बॅग कुणाच्या ताब्यात दिली, हे आठवायला गेला. आठवत होता तो बर्फ, आणि समोरून आलेला एका ट्रकचा पांढरा उजेड. त्याच्या पुढं एकदम ही खुर्ची. जागरणानं होतं असं, त्यानं स्वतःला बजावलं.

विमानात एक गोष्ट मात्र त्याला खटकत होती. लोक त्याच्याकडं बघायचे आणि त्यानं बघितलं की नजर खाली घालायचे. पलीकडच्या रांगेतला सूटवाला, त्याच्या मागची गोरी म्हातारी, सगळेच. हवाई सुंदरी सारखी येऊन शाल सारखी करत होती. असं बघणं त्यानं पूर्वी कुठंतरी पाहिलं होतं. कुठं, ते थोड्या वेळानं आठवलं. बाप गेला तेव्हा, विट्याहून मायणीकडं जाणाऱ्या त्या एसटीत.

शेजारची जागा रिकामी होती. तरी जेवणाच्या वेळी सुंदरीनं तिथंही पांढरा रुमाल अंथरला.

"इथं कुणी नाही," राजरत्न इंग्रजीत म्हणाला.

"ते आलेत," ती म्हणाली, आणि खाली बघत पुढं गेली.

त्यानं मान वळवली. शेजारी पांढऱ्या सदऱ्या-धोतरातला म्हातारा बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, आणि दोन्ही हात पिशवीवर.

"जय भीम, नाना," राजरत्नच्या तोंडून आपसूक निघालं.

"जय भीम," आकारामनाना म्हणाले.

त्याला बरं वाटलं, हे खरं. परक्या मुलखात आपलं माणूस भेटलं की वाटतं तसं. मग त्याचं डोकं चालू लागलं. सांगलीला आले तेव्हाच नाना साठीला टेकले होते. आजही तेवढेच दिसत होते. आणि गेल्या एप्रिलात, जयंतीच्या आदल्या दिवशी, कुणाल फोनवर काय म्हणाला होता? नाना गेले. आयुष्यभर सगळ्यांचे निरोप नेले, त्यांचा न्यायला मात्र कुणी नव्हतं.

राजरत्ननं डोळे मिटले, उघडले. नाना तिथंच होते. त्यांच्या सदऱ्याला विड्यांचा आणि एसटीतल्या धुळीचा वास होता.

"नाना, तुमी हितं कसं?"

"सोबत नको व्हय तुला?"

"आई..." तो म्हणाला आणि थांबला. पुढचं विचारायचं नसतं.

नानांनी त्याच्याकडं बघितलं नाही. "अजून लांब जायाचं हाय. खाऊन घे."

राजरत्नला आता भीती वाटू लागली. आणि भीतीच्याही वर एक जिद्द आली. रीत गेली खड्ड्यात. एकदा विचारायचंच. खुर्चीच्या हाताला फोन बसवला होता. कार्ड सरकवलं की आकाशातून जमिनीवर लागायचा. त्यानं वडूजच्या घरचा नंबर फिरवला.

"कशाला रं आता," नाना हळू म्हणाले.

घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला.

"कोन हाय?"

आईचा आवाज होता. दमलेला, धाप लागलेला, पण तिचाच. राजरत्नला हुंदका फुटला. एवढा आनंद त्याला पोरं झाली तेव्हाही झाला नव्हता.

"आई, मी हाय. राजरत्न. तू बरी हाईस न्हवं?"

"हॅलो? कोन बोलतंय?"

"आई, मी हाय!"

"कुणाल, फोनात कोन बोलंना बाबा. नुसता वारा येतुया."

तिनं फोन ठेवला नाही. तसाच हातात धरला असावा, कारण मागचं सगळं ऐकू येत होतं. अंगणात बरीच माणसं जमल्यासारखी वाटत होती. खोकल्यांचे आवाज येत होते, चपलांचे येत होते. बोलत कुणीच नव्हतं.

"मायाचा फोन आल्यापासनं तू माझ्याकडं बघंनास," आई म्हणत होती. "राजरत्न लय शीरिस हाय म्हंतुयास. दवाखान्यात हाय, तर मग मुंबईला गाडी कुणासाठनं ठरवलीस?"

अंगणात कुणीतरी खोकलं.

"खरं सांग रं. शीरिसच हाय न्हवं?"

"व्हय, आई."

राजरत्न ओरडत होता. पलीकडचा सूटवाला खिडकीबाहेर बघत होता. सुंदरी येऊन शाल त्याच्या गळ्यापर्यंत ओढून गेली.

"आई," फोनात कुणालचा आवाज आला, अगदी मऊ, "आधी दोन घास खाऊन घे."

मग फक्त वारा राहिला.

नानांनी त्याच्या हातातून फोन काढून जागच्या जागी ठेवला. पिशवीचं तोंड उघडलं आणि आतून तेल पाझरलेल्या वर्तमानपत्राची एक पुडी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

भजी अजून गरम होती.