शिपायाला लग्नाची परवानगी नाही

रस्त्यात मेंढ्या अडल्या होत्या आणि त्यांना हाकलत होता एक रोमन शिपाई.

ब्रायनीनं गाडीची काच खाली केली. मार्चचा वारा थेट कानात घुसला.

"मॅडम, हॉर्न नका वाजवू," तो म्हणाला. डोक्यावर शिरस्त्राण, अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत, उघडे गुडघे थंडीनं लालभडक. "ही पलटण आधीच माझं ऐकत नाहीये."

"कुठं निघालात? रोमनांच्या त्या जुन्या भिंतीवर पहाऱ्याला?"

"शाळेत. तिसरी-चौथीच्या पोरांकडं."

"तो वर्ग माझाय."

"मग उशीर झाला म्हणून ओरडू नका हं... तुम्हालाही झालाय."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कीरन मिलबर्न त्याचं नाव. खऱ्या सैन्यात नऊ वर्षं काढून, खांदा जायबंदी करून घरी आला होता. आता भिंतीकाठच्या शाळांमधून फिरायचा. रोमन शिपाई काय खायचा, किती चालायचा, पोरांना दाखवायचा. ब्रायनीच्या शाळेत सत्रातून एकदाच यायचा.

चिलखत उतरवायला त्याला माणूस लागायचा. कमरेत वाकायचं, हात पुढं करायचे, आणि दुसऱ्यानं डोक्यावरून ओढायचं. त्या खांद्यानं एकट्याला जमायचंच नाही. ब्रायनीनं पहिल्या दिवशी ते काम अंगावर घेतलं... आणि मग कुणालाच दिलं नाही.

आज तो शेवटच्या वेळी आला होता. जुलैत शाळा बंद होणार होती, अकराच पोरं उरली होती. ते त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे — ब्रायनीला एक्सेटरच्या शाळेनं बोलावलं होतं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आज चार वाजेपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

वर्गात पोरांनी रोमन शिपायांसारख्या डोक्यावर ढाली जोडून कासव केलं. कासव कोसळलं. हसून झालं. मग डगीनं हात वर केला.

"तुझं लग्न झालंय?"

"शिपायाला लग्नाची परवानगी नाही. पंचवीस वर्षं नोकरी, मग बघू."

"आणि मधेच कुणी आवडलं तर?"

"तर ती किल्ल्याबाहेरच्या वस्तीत राहते. पोरंबाळं, चूल, सगळं तिथंच. फक्त सरकारदरबारी त्याची नोंद नाही."

"आणि त्याची बदली झाली तर?"

हा प्रश्न मागून आला. ब्रायनीचा.

कीरनचा एक नियम होता. शिरस्त्राण डोक्यावर आहे तोवर तो रोमनच. काही झालं तरी त्यातून बाहेर यायचं नाही.

"काही जणी मागोमाग जातात," तो सावकाश म्हणाला. "काही नाही जात... चल म्हणायचा हक्क नसतो त्याला."

"का? तोंड नाही का त्याला?" टॅमसिन म्हणाली. वर्ग खिदळला.

कीरन हसला नाही. "हुकूम पाळायची सवय लागली ना पोरी, की स्वतःसाठी काही मागायचं राहूनच जातं."

हे बोलणारा रोमन नव्हता. पोरांना नाही कळलं. ब्रायनीला कळलं. ती उगाच फळा पुसत बसली.

साडेतीनला पोरं गेली. शिरस्त्राण काढून तो व्हरांड्यात वाकला, हात पुढं केले. तिनं चिलखताची कड धरली. त्याचं डोकं आत गेलं आणि मग ती म्हणाली,

"मी एक्सेटरला चाललेय. बहुतेक. चारपर्यंत सांगायचंय."



तिनं ओढलं. आतून आवाज आला, "थांब. ओढू नकोस. तोंड बाहेर आलं तर जमणार नाही मला."

"काय जमणार नाही?"

"ब्रायनी... जाऊ नकोस."

हे ऐकायला ती दोन वर्षं थांबली होती. आणि आता ऐकल्यावर तिनं चिलखताची कड आणखी घट्ट धरली.

"इथं राहून काय करू रे? शाळाच नाही राहणार. मेंढ्यांची हजेरी घेऊ?"

"...खरंय. चुकलं माझं. मागं घेतो."

तिनं जोरात ओढलं. चिलखत खळ्ळकन फरशीवर पडलं. केस उभे, चेहरा लाल, डोळे ओले — असा तो समोर.

"मागं घ्यायचं नाही," ती म्हणाली. "चुकीचं मागितलंस तू. नीट विचार कर. नीट माग."

त्यानं पायानं चिलखत बाजूला सारलं.

"मी... येऊ?"

ती एक पाऊल पुढं आली.

"आधीच सांगतो," तो घाईघाईनं म्हणाला, "मी रात्री ओरडत उठतो. रोज नाही. पण उठतो."

"मी घोरते. रोज."

तो हसला. हसता हसता त्यानं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. तिनं त्याचा हात धरला. हाताला लोखंडाचा वास होता.

चारला दहा कमी होते. दुसऱ्या हातानं तिनं फोन लावला.

"हो, मी येतेय," ती म्हणाली. "आणि एक विचारायचं होतं... तुमच्याकडं पोरांना रोमन सैन्याबद्दल सांगायला कुणी येतं का?"

पलीकडनं नाही असं उत्तर आलं.

"आता येईल," ब्रायनी म्हणाली.