मावशीच्या पिशवीतला फ्यूज

फ्यूज सापडला तो बसमावशीच्या पिशवीत. रुमाल, पाण्याची बाटली, बस लागणाऱ्या पोरांसाठी ठेवलेल्या कागदी पिशव्या आणि सगळ्यांच्या तळाशी तो. नखाएवढा, निळा, अगदी निष्पाप चेहऱ्याचा.

"नऊला पोलीस येतील," मोठ्या बाई म्हणाल्या. मुख्याध्यापिकेचा तो खणखणीत आवाज आज थरथरत होता. "पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा शाळेची बस बंद! चाळीस मुलं रस्त्यावर ताटकळली. का केलंत हे?"

"मीच काढला," मावशी एवढंच म्हणाली. बसमध्ये जिचं तोंड एक मिनिट मिटत नसे, ती मावशी!

भिंगरी दाराशी उभी राहून ऐकत होती. भिंगरी दहावीत. बसचे ड्रायव्हर म्हणजे तिचे बाबा. आई गेल्यापासून तिच्या वेण्या घातल्या त्या या मावशीने, रोज, बसच्या पायरीवर बसून. आणि आता तिला पोलीस नेणार?

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाई, मला नऊपर्यंत वेळ द्या. मावशी असं करणार नाही."

"तुझा तास आहे ना आत्ता?"

"गणिताचा आहे. त्याला माझी फारशी गरज नाही."

बाई हसल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत. भिंगरी सुसाट फाटकाकडे पळाली.

"काका, आज बस बंद आहे हे कधी कळलं?"

वॉचमनकाकांनी कानटोपी वर सरकवली. "सव्वासहाला. तुझ्या बाबांनीच येऊन सांगितलं."

"आणि मावशी कधी आली?"

"साडेसहाला. झडती सुरू झाली तेव्हा तुझ्या बाबांच्या डब्याची पिशवी आवरत होती. वहीत सही आहे, बघ की."

होती. चौकटीत नीट बसलेली. तिच्या वर बाबांची, सहा वाजताची, दोन ओळींवरून तिरकी घसरत गेलेली.

"ही काय सही आहे?"

"हल्ली तशीच करतो तो. घाई, दुसरं काय!"

"मावशी यायच्या आधी कुणी बसमध्ये शिरलं असेल?"

"बसला कुलूप. काचा शाबूत. किल्ली तुझ्या बाबांच्या कमरेला. चोर कसा शिरला देव जाणे. पण धुकं पडलं की चोराचं फावतंच."

"धुकं?"

"अगं, तिन्ही वेळा धुकंच होतं की! या पंधरवड्यात तीनदाच पडलं आणि तिन्ही दिवस बस बंद. मला माझीच सायकल सापडेना."

भिंगरीने आनंदाने उडीच मारली. बस बंद पडली सव्वासहाला, मावशी आली साडेसहाला. सुटली मावशी!

आणि मग ती उडी हवेतच कुठेतरी अडकली. मावशी नाही, तर कोण?

बाबा बसजवळच्या बाकावर बसले होते. बाटलीतून पेल्यात पाणी ओतत होते. बोट पेल्याच्या आत.

"शी बाबा! किती वेळा सांगितलं, बोट बुडवू नका."

"अं? हो, हो."

"बाबा, मावशीला पोलीस नेणार आहेत."

पाणी बोटापर्यंत आलं तसं ते थांबले. "मी बोलतो बाईंशी," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

मावशीला आजारी मुलांच्या खोलीत बसवलं होतं.

"मावशी, तू आलीस तेव्हा बस बंद पडून पंधरा मिनिटं झाली होती."

"शाळेत जा."

"शाळेतच आहे. फ्यूज कुठून घेतलास?"

"मीच काढला म्हटलं ना."

"तू हल्ली पुढे दाराशी का बसतेस? आधी तर मागे पोरांत बसायचीस."

मावशीने तोंड फिरवलं. "हुशार आहेस भिंगरे. जरा कमी हो."

भिंगरीला बस चालू असतानाची मावशीची कॉमेंट्री आठवली. "डावीकडे सायकल! पुढे आजोबा! सिग्नल लाल, लाल!" अख्खी बस मागून ओरडायची, "लाल, लाल!" सगळ्यात मोठ्याने भिंगरी.

ती सावकाश बाईंच्या खोलीकडे निघाली.

नऊला दहा कमी. बाईंची खोली. बाबा आणि मावशी, दोघांनाही बोलावलेलं. भिंगरीला ठाऊक होतं, बाबांची नोकरी गेली तर ड्रायव्हरची मुलगी म्हणून मिळालेली तिची या शाळेतली जागाही जाणार. गप्प बसायला एवढंच कारण पुरेसं होतं. पण समोर मावशी बसली होती.

"फ्यूज मावशीने काढला नाही," ती म्हणाली. "ती यायच्या आधीच बस बंद होती. कुलूप फुटलं नव्हतं आणि किल्ली एकाकडेच असते."

"भिंगरे!" मावशी ओरडली.

"सगळे म्हणतात, चोराला धुकं हवं होतं. उलट आहे, बाई. त्याला धुक्याचीच भीती होती." बाबांकडे न बघता ती बोलत राहिली. "त्याची सही ओळीवर राहत नाही. पेला भरला हे बोटाला कळतं, डोळ्यांना नाही. रस्ता त्याला मावशी ओरडून सांगते. आणि धुक्यात मावशीलाही दिसत नाही. म्हणून धुकं पडलं की तो फ्यूज काढतो. गुपचूप. आज झडती सुरू झाली तेव्हा मावशीने तो त्याच्या डब्याच्या पिशवीतून उचलून आपल्या पिशवीत टाकला. हो ना, बाबा?"

बाबा उठून उभे राहिले.

"हो," बाबा म्हणाले. "दोन महिने झाले. कडेचं दिसत नाही. धुक्यात समोरचंही जातं. सांगितलं असतं तर हिची शाळा गेली असती. धुक्यात बस काढली असती तर..."

"आणि यांना पोलिसांच्या तोंडी जाऊ देत होतात?"

"हो, बाई. तासभर मी गप्प बसलो. त्याला क्षमा नाही."

"दोन महिने चाळीस मुलं एका बाईच्या आवाजाच्या भरवशावर होती!"

"हो."

बाबांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. "उद्या लख्ख ऊन पडलं तरी मी बस घेणार नाही."

बाईंनी फोन उचलला आणि पोलिसांना यायची गरज नाही एवढंच सांगितलं. मग त्यांनी किल्ली खणात ठेवली. "आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा," त्या म्हणाल्या. "मुलीच्या शाळेचं मी बघते. वचन देत नाही. बघते."

मावशी पदर तोंडाला लावून रडत होती.

बाबा बाहेर आले आणि व्हरांड्याच्या टोकाला थांबले. भिंगरी मागे उभी होती. आता आपल्याशी कधीच बोलणार नाहीत, असं तिला वाटत होतं.

त्यांनी हात मागे केला आणि तिचा खांदा चाचपून धरला.

"पायऱ्या किती आहेत गं?" त्यांनी विचारलं.

"सात," भिंगरी म्हणाली, आणि मोठ्याने मोजायला लागली.