एकोणीस नंबरची टाकी

हे लिहायला बसण्याआधी मी दिवा लावला आहे. त्याच्यासमोर खोटं लिहायची माझी छाती नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण घडलं ते असंच घडलं.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. मंगळवार होता, दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन.

मी जहाजं बांधण्याच्या कारखान्यात कामाला आहे. पाच वर्षांपूर्वी तिथे सहलीचं एक मोठं जहाज तयार होत होतं. चौदा मजले, नाटकगृह, पोहण्याचे तलाव. ऑफिसच्या भिंतीवर त्याचा पहिला नकाशा लागला तेव्हापासून मी ते बघत आले होते. लोक वरचे मजले बघून हरखून जायचे. माझं काम मात्र पार तळाशी.

जहाजाच्या तळाला दोन थर असतात. मधल्या पोकळीत लोखंडी टाक्या. जहाज कलू नये म्हणून त्यांत पाणी भरतात. आत जायला एकच भोक, जेमतेम खांदे मावतील एवढं. त्या भोकाशी मी बसायचे. आत जाणारा माणूस आपला बिल्ला फळीवर अडकवतो. बाहेर आला की स्वतःच काढून घेतो. मी माणसं मोजते, वहीत लिहिते. माझी सही झाल्याशिवाय टाकी बंद झाली असं धरत नाहीत.

कंटाळवाणं काम. पण मला आवडायचं. एका हातात माळ, मनात नाम, डोळे भोकावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदीत पाणी सोडणार होते. जहाज पहिल्यांदा तरंगणार होतं. एकच टाकी बंद व्हायची राहिली होती.

एकोणीस नंबरची.

सहा रंगारी आत गेले होते, सहाही बाहेर आले. मी नीट मोजले. फळी रिकामी.

झाकण लावण्याआधी मी भोकाच्या कडेवर हातोडी तीनदा ठोकायचे आणि विचारायचे, "आत कोणी आहे का?" नियमात नव्हतं ते. माझ्या मनाचं समाधान.

त्या दिवशीही ठोकली. ठक, ठक, ठक.

आणि आतून...

ठक. ठक. ठक.

मी शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाकडे बघितलं. "मुकादम, आत कोण आहे?"

"कोण असणार? लोखंड गार होताना वाजतं, बाई."

"बरोबर तीनदा?"

"आता लोखंडाला मोजायला शिकवू का मी?"

मला त्याचा संशय आला. लवकर काम उरकायला त्याने एकदा बिल्ला न लावताच एका माणसाला आत धाडलं होतं. ते मीच पकडलं होतं. आजही तसंच केलं नसेल कशावरून?

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"अहो, उद्या सकाळी पाणी सोडायचंय! हे जहाज काय तुमच्या माळेवर तरंगणार आहे?"

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ पुढे आला. तो फिटर, झाकणाचे नट आवळायला आला होता. कारखान्यात त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. कारण तोंड कधी बंदच नाही. झोपेतही बोलायचा. माझ्या उपासांवर, नेमांवर तर त्याची टिंगल रोजचीच.

"मी बघून येतो," तो म्हणाला. "नाहीतर ताई इथेच ठाण मांडेल, आणि तिच्यामुळे आम्हालाही उपास घडेल."

बिल्ला अडकवला, मास्क चढवला, बॅटरी घेतली आणि आत उतरला.

त्याची बडबड ऐकू येत होती. "ताई, इथे तुझ्या देवघराएवढीसुद्धा जागा नाही... ताई, डोकं आपटलं गं... अरे, हे काय—"

आणि आवाज थांबला.

मी हाक मारली.

पुन्हा हाक मारली.

काहीच नाही... सरपटण्याचासुद्धा आवाज नाही.

चार मिनिटं गेली. मुकादम घड्याळ बघत होता, माझ्या हातातली माळ कुठल्या मण्यावर थांबली तेही मला कळलं नाही. मग भोकातून टोपी दिसली, खांदे दिसले. माझा भाऊ बाहेर आला.

"कोणी नाही," तो म्हणाला.

बस्स. दोनच शब्द.

मुकादम फोन करायला बाजूला गेला. भावाने झाकण बसवलं. एकेक नट आवळायला घेतला. ना गाणं, ना बडबड. शेवटचा नट आवळला आणि...

खालून आवाज आला.

हातोडीचा नव्हता. उघड्या तळहाताचा. धपाधप, धपाधप, थांबायचं नावच नाही.

मी गुडघ्यावर बसले, कान झाकणाला लावला. थापांच्या मागे आणखी काहीतरी होतं. शब्द कळत नव्हते. पण कोणीतरी बोलत होतं. न थांबता. एकसारखं बोलत होतं...

मी मान वर केली. भाऊ माझ्याकडे बघत होता.

"ऐकू येतंय ना तुला?" मी विचारलं.

"ताई, सही कर."

तेव्हा माझं लक्ष फळीकडे गेलं. त्याचा बिल्ला तिथेच होता. बाहेर येणारा माणूस आधी फळीकडे हात नेतो. आपण घरात शिरताना चपला काढतो ना, तशी सवय ती.

"तुझा बिल्ला?"

तो फळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू दे काढून."

मी मुकादमाला ओरडून बोलावलं. "झाकण उघडा! आत कोणीतरी आहे!"

मुकादमाने वाकून कान लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"काही नाही," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांकडे न बघता. "फळी रिकामी करा आणि सही करा."

मी काय सांगणार होते? आत गेलेला एक, बाहेर आलेला एक. तो माझ्यासमोर उभा होता. त्याच्या हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा जागेवर होता. माझा भाऊ आत आहे असं त्याच्याच देखत कोणाला सांगू?

मी सही केली.

सकाळी गोदीत पाणी सोडलं. जहाज हळूच उचललं गेलं. टाळ्या वाजल्या, भोंगे वाजले. सगळ्यांच्या माना वर, चौदा मजल्यांकडे. मी खाली बघत होते. दहा वाजता टाक्यांत पाणी भरायला सुरुवात झाली.

एकोणीस नंबरची भरायला चाळीस मिनिटं लागली.

त्या चाळीस मिनिटांत मी एकही नाम घेऊ शकले नाही.

मुकादमाने त्याच आठवड्यात काम सोडलं. का, ते कोणालाच सांगितलं नाही.

आणि भाऊ? तो आता शांत झालाय. वेळेवर घरी येतो. पहाटे मी पूजेला बसते तेव्हा शेजारी येऊन बसतो, हात जोडतो. आई म्हणते, "पोरी, तुझ्या नेमधर्माला फळ आलं बघ." शेजारीपाजारी कौतुक करतात. मी लहानपणचं काही विचारलं तर बरोबर सांगतो. एकदाही चुकत नाही. आमचा रेडिओ दर दुसरी गोष्ट चुकीची सांगायचा आणि वर माझ्याशीच भांडायचा.

हे असं लिहिताना माझंच मन मला खातं. हा माझा सख्खा भाऊच असेल, तर पाच वर्षं मी त्याच्या पाठीवरून एकदा हातसुद्धा फिरवला नाही. आणि नसेल, तर...

परवा ऑफिसातून पत्र आलं. ते जहाज पुढच्या महिन्यात दुरुस्तीला येतंय. सगळ्या टाक्या उपसून तपासायच्या आहेत. एकोणीस नंबरच्या तोंडाशी माझीच नेमणूक आहे.

मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. काल जेवताना भाऊ आपणहून म्हणाला, "ताई, त्या टाकीत मीच उतरणार. साहेबांना सांगून ठेवलंय."

आईने विचारलं, "एवढे लोक असताना तूच कशाला रे?"

तो माझ्याकडे बघून हसला.

"मला आतली वाट माहीत आहे ना."

आत जाताना एक माणूस लिहीन मी वहीत. बाहेर किती येतील, आणि त्यातल्या कोणाचा हात धरून घरी आणायचं... ते मला अजून कळलेलं नाही.