सहाची पाळी

आधी ते मोबाइल खाली ठेवा. दोघांनीही. भाचेबुवा, तुम्हालाच म्हणतोय. परदेशात नोकरी लागली, गावभर सांगून झालं, आणि आता सहा महिन्यांत आईबाबांना तिकडे बोलावतो म्हणतोस. बोलाव की. मी नको म्हणत नाही. फक्त त्यांना ज्या खाटेवर झोपवशील, ती आधी कुणाची होती हे त्यांना खरं सांग. का म्हणून विचारू नकोस. विचारलंस तर मला सगळं सांगावं लागेल.

विचारलंसच ना? तुमच्या पिढीला दम कसा तो नाही. बरं, मग दार ओढून घे आणि मधे तोंड घालू नकोस.

मी तिकडे एका कोल्ड स्टोरेजला स्टोअरकीपर होतो तेव्हाची गोष्ट. तिथे आपल्याकडचा एक फिटर होता. अकरा वर्षं झाली होती त्याला. आई गेलेली, घरी एकटे वडील. अण्णा म्हणायचा त्यांना. अण्णांनी तीस वर्षं पाणीपुरवठ्यात पंप चालवला, त्यातही बहुतेक रात्रपाळ्याच. मुलगा कुठे राहतो, कुठे जेवतो, कुठे झोपतो, हे एकदा डोळ्यांनी बघायचं एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. आणि फिटरचीही एकच इच्छा होती, की आपल्या बापाने आपल्याकडे पंधरा दिवस सुखाने राहावं आणि धडधाकट परत जावं. लक्षात ठेवा हे.

तर मार्चची आठ तारीख. फिटर कामावरून सुटला आणि खरेदीला गेला. एक उशी, एक पातळ गादी, नवी चादर, घसरू नये म्हणून मोरीत टाकायला रबराची चटई. मग ऑफिसात जाऊन पाहुण्याचा पंधरा दिवसांचा पास आणला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर अण्णा बाहेर आले ते भांडतच. पिशवीत स्वतःचा पाना आणला होता, तो तिथल्या लोकांनी काढून घेतला. "अरे, पान्याने मी विमान खोलणार होतो का?" म्हणे! फिटर हसून हसून बेजार झाला. अकरा वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

खोली म्हणजे काय, दहा बाय आठ. एक खाट, एक खिडकी, एक दार, तेही आत उघडणारं. आणि त्या खाटेवर दोघं झोपायचे. दात काढू नका, एका वेळी नाही! फिटरची पाळी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, आणि त्याच्या जोडीदाराची रात्रीची. जोडीदाराला सगळे लंबू म्हणायचे. हा उठला की तो आडवा व्हायचा. कंपनीचाच नियम होता, एका खाटेत दोन माणसं भागवायची.

आता पाळीचा धर्म काय असतो ते ऐका. जागा घ्यायला दुसरा, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. मग घरी आग लागो, पोटात कळ येवो. हे दोघं कॉम्प्रेसर रूमवर होते, दिवसा फिटर आणि रात्री लंबू. अमोनियाची मशिनं तिथे. तिथे तर एक मिनिटही जागा सोडून चालत नाही.

अण्णा यायच्या दोन महिने आधी, जानेवारीच्या अकरा तारखेला, फिटरला उठायला उशीर झाला. चाळीस मिनिटं. आदल्या रात्री फोन आला होता, अण्णांचा पासपोर्ट झाला म्हणून. बापलेक दोन वाजेपर्यंत बोलत बसले. याच्या हातून गजर लावायचाच राहिला. सहाला लंबूची पाळी संपली. तो थांबला. सहा वीसला व्हॉल्व फुटला. सहा चाळीसला फिटर धापा टाकत पोचला, तेव्हा लंबूला बाहेर आणून झाकून ठेवलं होतं.

म्हणजे लंबू गेला तो फिटरच्या वेळेत. हजेरीचं यंत्र त्या दिवशी बंद होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. फिटरला कळलं, आणि त्याने रडत रडत मला सांगितलं म्हणून मला. कंपनीने ती कॉम्प्रेसर रूम कुलूप लावून बंद केली. फिटरला वर्कशॉपमध्ये दहा ते दहा टाकलं. आणि त्या खाटेला दुसरा भागीदार यायचा होता, तो काही लवकर आला नाही. म्हणून तर अण्णांची सोय झाली.

पहिल्याच रात्री अण्णांनी विचारलं, "आणि तुझा तो लंबू कुठाय? फोनवर सारखं नाव असायचं."

खरं सांगायला हवं होतं. पण माणूस मेल्याचं सांगितलं की कसा मेला हे आलंच. फिटर म्हणाला, "तो ना, रात्रपाळीला असतो. हल्ली दुसरीकडे झोपतो."

झालं. बाप सुखाने झोपला.

रविवारी सुट्टी होती तेव्हा त्याने अण्णांना हिंडवलं. सरकत्या जिन्यावरून अण्णा तीनदा वर गेले आणि तीनदा खाली आले, आणि याची मोटर कुठे बसवलीय म्हणून तिथल्या रखवालदाराचं डोकं खाल्लं. पण सोमवारपासून काय? हा सकाळी दहाला जायचा तो रात्री साडेदहाला यायचा. बोलावून आणलेला बाप दिवसभर चार भिंतींत. यजमान स्वतःच घरात नाही, असली ती पाहुणचाराची तऱ्हा. म्हाताऱ्याने कुरकुर केली नाही. मोरीचा गळका नळ दुरुस्त केला, बिजागऱ्यांना तेल घातलं, पोराचे शर्ट इस्त्री करून ठेवले.

मंगळवार, बारा तारीख. सकाळी चहा घेताना अण्णा सहज म्हणाले, "तुझा लंबू भला माणूस आहे रे. पहाटे आला होता."

फिटरने कप खाली ठेवला. "कोण?"

"लंबू. चांगला उंच आहे, डोकं चौकटीला लागेल असा. माझ्या पायाचा अंगठा हलवला त्याने. डोळे उघडतो तर पायथ्याशी उभा. मी म्हटलं, बस. बसला नाही. तुझ्याकडे बघत राहिला, मग गेला."

"स्वप्न पडलं असेल अण्णा."

"तीस वर्षं पाळ्या केल्यात मी. झोपलेल्या माणसाला हाक मारत नाहीत, अंगठा हलवतात. तो हलवलेला मला कळणार नाही होय?"

फिटर तडक माझ्याकडे आला. तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणाला, "काय करू?" मी म्हटलं, खरं सांगून टाक आणि त्यांना लवकरच्या विमानाने परत धाड. तो म्हणाला, "काय सांगू? तुमच्या मुलाने माणूस मारला म्हणून?" उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं बाबांनो. निघताना मी एवढंच म्हटलं, आजची रात्र जागा राहा.

त्याने कडी लावली. गादी दाराला टेकवून आडवी टाकली, म्हणजे याला उठवल्याशिवाय दार उघडूच नये. आणि भिंतीला टेकून बसला.

एक वाजला. तीन वाजले. पाच वाजले... काही नाही. अण्णा मंद घोरत होते. त्याच्या जिवात जीव आला.

सहा वाजून वीस मिनिटं.

घोरणं थांबलं.

खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडला होता. अण्णांचे पाय चादरीबाहेर होते. फिटर बघत होता. उजव्या पायाचा अंगठा... हलला. नुसता हलला नाही. कुणीतरी धरावा तसा दबला, आणि हलला. दोनदा.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

अण्णा उठून बसले. पायथ्याशी, वर, उंच कुठेतरी बघत म्हणाले, "बस ना जरा. दमलेला दिसतोस."

शांतता.

"जागा घ्यायला कुणी आलंच नाही?"

शांतता.

"कधीपासून?..."

फिटरने ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटेना.

"चाळीस मिनिटं?" अण्णा हळू म्हणाले. "कोण होता तो?"

मग अण्णांनी मान वळवली. आणि आपल्या मुलाकडे बघितलं.

बराच वेळ.

आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं. सकाळी चहाही मुकाट्याने घेतला. फिटर बुटाची नाडी बांधत होता तेव्हा त्यांनी विचारलं, अगदी मायेने विचारलं, "पाळीला कधी उशीर झाला होता का रे तुला?"

चोराच्या मनात चांदणं. फिटर मान खाली घालून म्हणाला, "नाही."

"पासपोर्टचं सांगायला मी फोन केला, तेव्हा आपण दोन वाजेपर्यंत बोलत होतो. नाही का?"

"आठवत नाही, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणाले.

तेव्हा सांगितलं असतं तर? मला अजून वाटतं, तेव्हा जरी त्याने बापाच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं असतं तरी निभावलं असतं. पण नाही सांगितलं. लाजेपुढे माणूस बापालाही परका करतो.

बुधवारी रात्री, तेरा तारखेला, फिटर साडेदहाला आला. अण्णा तयार बसले होते. अंघोळ केलेली, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. म्हणाले, "काल तू जागलास. आज मी जागतो. तू झोप." फिटर नको नको म्हणत होता, पण डोळे मिटत होते. दारापाशी गादीवर पडला आणि गाढ झोपला.

झोपेत त्याला आवाज आला. अण्णांचाच.

"त्याला नको उठवू."

मग थोड्या वेळाने, "उशीर त्याचा नाही. त्याला दोन वाजेपर्यंत मी जागवलं होतं. मी येतो."

त्याला वाटलं स्वप्नच. खरं म्हणजे त्याला कळलं होतं. हे तो मला नंतर म्हणाला. कळलं होतं, आणि तरी डोळे उघडायची हिंमत झाली नाही. कारण पायथ्याशी कुणीतरी उभं होतं. अण्णांच्या नाही. त्याच्या.

सव्वासातला उन्हाने जाग आली. पाठ दाराला टेकलेली. कडी लागलेली. खिडकीचे गज जिथल्या तिथे. खाट रिकामी.

तो अनवाणी पळत सुटला. कुठे जायचं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. कॉम्प्रेसर रूमला बाहेरून कुलूप होतं, किल्ली साहेबाकडे. साहेबाला आणेपर्यंत याने दारावर हात आपटून आपटून रक्त काढलं. दार उघडलं. आत स्टुलावर अण्णा बसले होते, ताठ. हात गुडघ्यांवर. नजर समोरच्या दाबाच्या काट्यावर.

गेले होते.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, साडेसहाच्या सुमारास. आत कसे गेले, ते कुणालाच सांगता आलं नाही. आठ वाजता त्यांना उचलून नेलं. फिटर रडला नाही. "पाहुणा म्हणून आणलं मी त्यांना," एवढंच चार-पाच वेळा म्हणाला.

त्या खोलीत मशिनचं रजिस्टर असायचं. दर तासाला काट्यावरचा दाब लिहायचा, शेवटच्या रकान्यात शेरा. चौकशी होणार म्हणून साहेबाने ते माझ्या ताब्यात दिलं. नऊ वाजता मी स्टोअरच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. उघडून बघितलं नाही. बघवेना.

संध्याकाळी पोलिस आले, रजिस्टर दाखवा म्हणाले. फिटर माझ्या शेजारीच उभा होता. मी कपाट उघडलं, पान काढलं. जानेवारीच्या अकरा तारखेनंतर कोरं असायला हवं होतं ते. त्याखाली त्या दिवसाची तारीख होती, आपल्या अक्षरात, आपल्या आकड्यांत. तिथे मराठी लिहिणारे आम्ही दोघंच होतो. फिटरने अक्षर बघितलं आणि "अण्णा" म्हणाला.

सकाळी सहा. दाब शून्य. रिलीव्हर आला नाही.

सात. दाब शून्य. रिलीव्हर आला नाही.

आठ. नऊ. दहा... खाली, खाली, खाली.

फिटरने माझ्यापुढे हात केला. "पेन द्या," म्हणाला. "माझं नाव घालतो. ते सुटतील."

मी पेन दिलं नाही. खिशात होतं, पण दिलं नाही. त्याचा जीव वाचवला म्हणा. आठवड्याभराने अण्णांना घेऊन तो इकडे परत आला, त्यानंतर आजतागायत माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. माझ्या बापाला यांनी तिथेच बसवून ठेवलं, असं लोकांना सांगतो.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर मिटायला गेलो, तर शेवटच्या ओळीवर माझा अंगठा टेकला. सायंकाळी सहा, दाब शून्य, रिलीव्हर आला नाही. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून दोन मिनिटं झाली होती. माझ्या अंगठ्याला शाई लागली.